क्लबहाउसमध्ये मुलांना 'संदेश' असलेला सिनेमा दाखवताना

कार्टून सिनेमात सामाजिक-राजकीय संदेश हवा कशाला, असा सूर सोसायटीच्या ग्रुपवर लागतोच. पण संदेश नसलेला सिनेमा शोधायला बसलात तर हाती फारसं लागणार नाही. फिल्म्स डिव्हिजनचा 1974 चा 'एक अनेक और एकता' आठवा. पाखरं जाळ्यासकट उडून जातात आणि उंदीर जाळं कुरतडतात. सरकारी पैशातून केलेला, देशाच्या एकीचा धडा देणारा हा सिनेमा राजकीयच आहे. आपल्याला पटतो, म्हणून तसा वाटत नाही इतकंच. तेव्हा बघायचं ते एवढंच, की संदेश गोष्टीत मुरलाय की वरून भुरभुरलाय.

त्यासाठी एका मोठ्या माणसाने अख्खा सिनेमा आधी पाहायचा, आणि ज्या भाषेत दाखवणार त्याच भाषेत. डबिंगमध्ये विनोद आणि टोमणे बदलतात, त्यामुळे इंग्रजीत पाहिलेला सिनेमा हिंदीत तसाच असेल याची खात्री नसते. ट्रेलरवर तर मुळीच विसंबू नका. वहीत तीन रकाने आखा आणि कितव्या मिनिटाला काय झालं ते टिपा: पात्र थेट उपदेश करतं ते प्रसंग, खलनायकाला स्वतःची बाजू सांगायला मिळते ते प्रसंग, आणि लहानांना घाबरवणारे, म्हणजे आईबाप दुरावणं, आग, गोळीबार. पहिल्या रकान्यात पाच-सहाच्या वर नोंदी झाल्या तर मुलं चुळबुळ करणार हे धरून चाला. दुसरा रकाना कोराच राहिला तर तो प्रचारपट समजा. म्हणून तो दाखवूच नये असं नाही, पण दहा वर्षांच्या पुढच्यांना, आणि नंतर गप्पांना वेळ ठेवून.

पैसे कोणाचे हेही पाहून घ्या. ऑर्वेलच्या कादंबरीवरच्या 1954 च्या ब्रिटिश 'ॲनिमल फार्म'मागे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा छुपा पैसा होता, आणि शेवटही बदलला. कादंबरीत प्राणी सत्ता बळकावलेल्या डुकरांकडे हताश होऊन बघत राहतात, पडद्यावर त्यांच्याविरुद्ध बंड करून उठतात. मोठ्या मुलांना हे दोन्ही शेवट सांगितले तर तासभर वाद रंगतो.

सेन्सॉरच्या दाखल्यावरून वयाचा अंदाज येतो (2024 पासून 'यूए'त, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली पाहायच्या वर्गात, 7+, 13+, 16+ असे टप्पे आहेत), संदेशाचा नाही. आणि ओटीटीचं घरचं सबस्क्रिप्शन घरापुरतंच असतं. क्लबहाउससाठी हक्कधारकाची परवानगी घ्या. तिकीट लावलं नाही म्हणून ती लागत नाही असं समजू नका.

मांडणी सोपी आहे. सहा फूट रुंद पडदा, त्याची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर, पहिली रांग आठ-नऊ फूट मागे. पंचवीस-तीस मुलं सतरंजीवर आरामात बसतात, आणि त्या सतरंजीमुळे टाइल्सवरून घुमणारा आवाजही कमी होतो. ब्लूटूथ स्पीकरचा आवाज ओठांच्या मागे पडतो, म्हणून वायर लावा.

खरी कसोटी सिनेमा संपल्यावर. पाच मिनिटं पाणी पिऊ द्या, मग आठ-दहा जणांचे गोल करा आणि वीस मिनिटं बोला. 'काय शिकलात?' हा प्रश्न वर्ज्य. तो विचारलात की 'झाडे लावा, झाडे जगवा' असं पाठ केलेलं तात्पर्य येतं आणि विषय तिथेच मिटतो. 'कोणाचं वागणं पटलं नाही?' विचारा. उत्तर आलं की लगेच 'तो तसा का वागला असेल?' सात वर्षांखालच्यांना काहीच विचारू नका. खडू-कागद द्या, लक्षात राहिलेलं चित्र काढू द्या.

गावाची जमीन जाते अशी गोष्ट असेल, तर नवी मुंबईत जरा जपून. 1970 मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. तुमच्या गोलात टॉवरमधलं मूल असेल, तसंच ज्यांच्या आजोबांची भातशेती गेली असं गावठाणातलंही असेल. एकाला चोर आणि दुसऱ्याला बिचारा ठरवणारा प्रश्न टाळा. 'आपली बिल्डिंग आहे तिथे आधी काय होतं?' एवढं विचारा आणि गप्प बसा. साडेबारा टक्क्यांची, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या विकसित भूखंडाची, गोष्ट बहुतेक वेळा एखादं मूलच काढतं.

एखादं मूल घरी ऐकलेलं पक्षाचं किंवा जातीचं वाक्य जसंच्या तसं बोलून जातं. दटावू नका, हसूही नका. 'हे सिनेमात कुठे दिसलं?' असं विचारून त्याला प्रसंगाकडे परत आणा. दिसलं नसेल तर ते त्याचं त्यालाच कळतं.

पालकांना दोन दिवस आधी निरोप पाठवा: नाव, लांबी, दाखला, आणि घाबरवणारे प्रसंग कितव्या मिनिटाला आहेत ते. संदेश काय आहे हे मात्र त्यात लिहू नका. लिहिलात, तर मुलं उत्तर घरूनच घोकून येतात.