ट्यूबलेस रिमवर टायर चढेना, चढला तर निघेना? टायर घेताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या वाघबिळाच्या चढाला रस्त्याकडेला सायकलचं चाक मांडीवर घेऊन कुणी बसलेला दिसला, तर बहुतेक वेळा त्याचं दुखणं पंक्चर नसतं. नवी ट्यूब खिशात असते, पंप असतो. टायरच रिम सोडत नसतो. मग टायर उचकटायच्या लिव्हर मोडतात, अंगठ्याची साल निघते आणि शेवटी घरी फोन जातो.

हल्ली बऱ्याच रोड बाइकना ट्यूबलेस रिम येतात, म्हणजे ट्यूबऐवजी भोकं बुजवणारं द्रव, सीलंट, घालून चालवता येणाऱ्या. आत ट्यूब घालून चालवणारेही त्याच रिमवर चालवतात, त्यामुळे हा त्रास फक्त सीलंटवाल्यांचा राहिलेला नाही. टायर घेताना वजन किती, काटा किती झेलतो, पावसात पकड कशी, हे सगळे विचारतात. गगनबावड्याच्या रस्त्यावर, भर पावसात, गारठलेल्या बोटांनी तो एकट्याला काढता येईल का, हे फार थोडे विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

नुसतं "२८ चा द्या" म्हणणं

सायकलच्या जुन्या दुकानात "२८ चा टायर" म्हटलं की दुकानदाराचा हात दूधवाल्याच्या काळ्या सायकलच्या २८ × १½ कडे जातो. त्याचा रिमवर बसण्याचा व्यास ६३५ मिमी. आपल्या रोड बाइकचा ७०० × २८ बसतो ६२२ मिमीवर. तिथला २८ इंचातला, इथला मिलिमीटरमधला. जुन्या परदेशी सायकलींचा २७ × १¼ हा ६३० चा, तोही आपल्या कामाचा नाही. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत २८-६२२ किंवा २५-६२२ असं छापलेलं असतं. ते वाचा आणि मगच पैसे काढा.

टायरचं नाव विचारायचं, रिमकडे बघायचं नाही

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

ट्यूबलेस रिम आडवी कापून पाहिली तर दोन्ही काठांच्या आत एकेक सपाट कट्टा दिसतो. हवा भरली की टायरचं बीड, म्हणजे कडेतली न ताणणारी दोरी किंवा तार, या कट्ट्यावर जाऊन बसतं. कट्ट्याच्या आतल्या टोकाला बहुतेक रिममध्ये बारीक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी बीड आत घसरू नये म्हणून. आणि मधोमध असते खोलगट खोबण. टायर चढवायला आणि काढायला लागणारा सगळा सैलपणा या खोबणीतून मिळतो. बीड कट्ट्यावर बसलेलं असेल तर पैलवान आणला तरी टायर हलायचा नाही.

हिशेब सोपा आहे. खोबण कट्ट्यापेक्षा ३ मिमी खोल आहे असं धरा. बीड पूर्ण फेरीत तिच्यात उतरलं, तर परिघात २ × ३.१४ × ३, म्हणजे जवळजवळ १९ मिमी सूट मिळते. शेवटचा वीतभर भाग या सुटीवरच रिमच्या काठावरून उडी मारतो. खोबण २ मिमीच खोल असेल तर हीच सूट साडेबारा मिमीवर येते आणि तोच टायर "लई कडक" ठरतो. उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: व्यासात अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की परिघात दीड मिलिमीटरचा फरक पडतो. रिमवर ६२२ आणि टायरवर ६२२ असलं तरी दोन कंपन्यांनी मापात चालवून घेतलेला फरक (टॉलरन्स) एकाच दिशेला गेला, रिम किंचित मोठी आणि टायर किंचित लहान, की झालं.

म्हणून "अमुक टायर हाताने चढतो" हे वाक्य अर्धं आहे. कुठल्या रिमवर, हे पुढचं अर्धं. माविक कंपनीने २०१७ साली रोड यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली ती रिम आणि टायर एकमेकांच्या मापाने बनवून, आणि ती जोडी हाताने चढते हाच त्यांचा मोठा दावा होता. उलट बाजूने पाहा. काँटिनेंटलचा जीपी ५००० टीएल २०१८ साली आला तेव्हापासून चढवायला अवघड म्हणून ओळखला गेला. २०२१ साली आलेला जीपी ५००० एस टीआर कंपनीनेच बसवायला सोपा आणि हुकलेस, म्हणजे काठाला आतून वळलेला हुक नसलेल्या, रिमवरही चालणारा म्हणून आणला. नावं इतकी सारखी की सवलतीत जुना टीएल मिळाला तर माणूस तोच समजून घेतो. शेवटची दोन-तीन अक्षरं नीट बघा.

टायर घ्यायला जाताना चाक सोबत न्या. दुकानदाराला तिथेच चढवून दाखवायला सांगा, मग स्वतःच्या हाताने एकदा उतरवा. ऑनलाइन मागवत असाल तर तुमच्याच मॉडेलची रिम वापरणारा शोधून त्याला विचारा. बाकीच्यांचं कौतुक तुमच्या रिमला लागू होत नाही.

ट्यूबच घालायची, पण टायर ट्यूबलेसचा

ट्यूबलेस टायरचं बीड मुद्दाम घट्ट आणि कडक केलेलं असतं, कारण ट्यूबशिवाय हवा त्यानेच धरायची. तुम्हाला सीलंटच्या भानगडीत पडायचंच नसेल तर हा घट्टपणा फुकटचा सोसताय. हुक असलेल्या ट्यूबलेस रिमवर साधा ट्यूबचा टायर ट्यूब घालून बिनधास्त चालतो, आणि बहुधा सोपा जातो. उंचवट्यामुळे काढताना बीड दाबून खोबणीत ढकलावं लागेल, एवढंच. उलटा प्रकार मात्र करू नका: साध्या टायरमध्ये सीलंट ओतून तो ट्यूबलेस होत नाही, त्याचं बीड त्या कामासाठी नसतं.

हुकलेस रिमवर चालेल तो टायर

इथे सोयीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. रिमच्या काठाला आतून हुक नसेल तर हुकलेससाठी मान्यता असलेलाच टायर लावायचा आणि हवा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर न्यायची नाही. रिमवर किंवा टायरवर याहून कमी आकडा छापलेला असेल तर तो पाळायचा. २०२४ च्या यूएई टूरमध्ये बेल्जियमचा थॉमस डी गेंट पडला आणि टायर रिमवरून सुटला, तेव्हा हुकलेसची चर्चा जगभर पेटली. व्यावसायिक संघाचे मेकॅनिक दिमतीला असून ही गत. आपल्याकडे रस्त्यावरच्या कॉम्प्रेसरने मोटरसायकलच्या अंदाजाने हवा मारून घेणारे आहेत. सैल बसतो म्हणून खुश होऊन हुकलेसवर कुठलाही टायर चढवणं हा नाद सोडा.

रिम टेपचे थरावर थर

टायर पूर्वी चढत होता, आता चढत नाही, अशी तक्रार आली की टायरला दोष देण्याआधी आत डोकवा. हवा गळते म्हणून आऱ्यांची भोकं झाकणाऱ्या जुन्या टेपवर नवी टेप, तिच्यावर आणखी एक फेरी, असं चाललेलं असतं. खोबणीच्या तळाशी पाव मिलिमीटर जाडी वाढली तर परिघातली दीड मिलिमीटर सूट गेली. टेप रुंद असून कट्ट्यावर चढली असेल तर बीडच्या बसण्याची जागाही फुगते, आणि मग टायर काढताना तो कट्टा सोडत नाही. ट्यूबवाल्या रिमची जाड कापडी पट्टी ट्यूबलेस रिममध्ये घालणं ही याचीच थोरली आवृत्ती. जुनी टेप पूर्ण काढा, चिकटा पुसून घ्या, रिमच्या मापाची पातळ ट्यूबलेस टेप ताणून एकच फेरी मारा आणि टोकं थोडी एकमेकांवर येऊ द्या. बऱ्याच "कडक" टायरांचा कडकपणा इतक्यावरच उतरतो.

व्हॉल्व्हपासून सुरुवात

व्हॉल्व्हच्या जागी बीडला खोबणीत उतरता येत नाही, व्हॉल्व्हचं बूड आडवं येतं. म्हणून चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. दोन्ही हातांनी बीड खोबणीत दाबत, सैलपणा पुढे सारत या. शेवटच्या टप्प्यात अडलं की जोर लावायच्या आधी पुन्हा समोर जाऊन बघा: नव्वद टक्के वेळा तिथलं बीड परत कट्ट्यावर चढलेलं असतं. साबणाचं पाणी कडेला लावा. तेल, ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे नको. रबराला वाईट आणि रिम ब्रेक असेल तर ब्रेकलाही.

नवा फोल्डिंग टायर डब्यातून काढला की त्याची घडी मोडू द्या. दोन्ही कडा हाताने मोकळ्या करून थोडा वेळ उन्हात ठेवला तर मऊ पडतो. पहिल्यांदा रडवणारा टायर दुसऱ्यांदा बराच शहाणा झालेला असतो.

काढताना थेट लिव्हर खुपसणं

हवा पूर्ण सोडली नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. व्हॉल्व्हचा गाभा काढता येत असेल तर काढा. मग टायरची बाजू दोन्ही अंगठ्यांनी आत दाबा, एका जागी बीड टक करून उंचवटा ओलांडेल. तिथून दोन्ही बाजूंना सरकत पूर्ण फेरी, आणि मग चाक उलटवून दुसरी कडही तशीच. दोन्ही कडा खोबणीत आल्या की लिव्हर व्हॉल्व्हजवळ घाला आणि समोरची बाजू खोबणीत दाबून धरा. चढवताना जिथे संपलं, तिथूनच काढायला सुरुवात.

अंगठ्याने उंचवटा सुटत नसेल तर तळव्याचा बूड वापरा, किंवा टायर दोन्ही हातांनी पकडून पिळा. चाक आडवं टाकून बुटाने दाबणारे असतात. ब्रेकची डिस्क वाकली की नवा खर्च. सीलंट वाळून बीड रिमला चिकटलं असेल तर कडेने कोमट पाणी सोडून थोडं थांबा. उन्हाळ्यात सीलंट लवकर आटतं. मार्च ते मे दोन महिन्यांनी उघडून बघा, पावसाळ्यात थोडं उशिरा चालेल. २५ ते २८ मिमीच्या टायरला ३० ते ४५ मिली पुरतं. जास्त ओतल्याने राइड बरी होत नाही, सफाई मात्र वाढते.

सगळं खिशात, सराव शून्य

घाटात जाण्याआधी घरच्या अंगणात एकदा स्वतःचा टायर स्वतः काढून चढवा, खिशातल्याच लिव्हरने. घरातल्या मोठ्या पान्यांनी जमलं ते रस्त्यावर जमेलच असं नाही. दोन चांगल्या नायलॉन लिव्हर ठेवा. तरीही शेवटचा भाग चढत नसेल तर बीड जॅक मिळतो: रिमच्या एका काठावर टेकून दुसऱ्या बाजूचं बीड ओढून आणणारी लांब दांडी. ट्यूबलेस चालवत असाल तर प्लगही, म्हणजे भोकात बाहेरून खुपसायच्या पट्ट्या, ठेवा. बाभळीच्या काट्याचं भोक सीलंटने मिटलं नाही तरी प्लगने मिटतं आणि टायर काढायची वेळच येत नाही.

नाइलाजाने पंक्चरवाल्याकडे जावं लागलं तर चाक हातात देण्याआधी सांगा, "काका, लोखंडी पट्टी नको, ह्या लिव्हर वापरा." तो हसेल. पण कार्बन रिमच्या काठाला लोखंडाची चीर गेली किंवा ट्यूबलेसची टेप फाटली, तर त्या दिवशी टायर निघतो आणि पुढे प्रत्येक वेळी हवा गळते.