सोलापूरची थार आणि मुरबाडचा चिखल: ओल्या मुलखात गाडीच्या वाटा कशा शोधायच्या

आमच्या मंगळवेढ्याचा चिखल प्रामाणिक असतो. काळ्या रानात पाऊस झाला की पहिल्या दहा फुटांतच कळतं, आज जमणार नाही. माती चाकाला चिकटते, मडगार्ड गच्च भरतं आणि गाडी गाभण म्हशीसारखी चालायला लागते. मग आपण मुकाट्याने मागे फिरतो, घरी जाऊन भाकरी खातो.

२०२२ च्या जूनमध्ये बँकेने माझी मुंबईला बदली केली. मी मुलुंडला राहायला आले आणि थारही (महिंद्राची जीप, चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर बाय फोर) सोबत आणली. महिन्याभरात एका रविवारी मुरबाडच्या पुढे एका वाडीच्या रस्त्याला लागले. पुढे वाट अरुंद होत गेली, म्हणून गाडी वळवायला मागचं चाक कडेच्या हिरव्या पट्टीवर घेतलं. ती पट्टी म्हणजे भाताच्या खाचराचा बांध होता. बांध खचला आणि चाक चिखलणी केलेल्या खाचरात एक्सलपर्यंत गेलं. लावणी सुरू होती. एक म्हातारेबुवा कमरेवर हात ठेवून शांतपणे बघत होते. म्हणाले, "वरून कडक वाटतं ताई, आत लोणी हाय."

ट्रॅक्टरने गाडी दहा मिनिटांत निघाली. बांध पुन्हा घालायला मात्र दोन तास लागले, आणि त्यात फावडं माझ्याही हातात होतं. देशावरून, विदर्भातून किंवा मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या आणि फोर बाय फोर घेऊन रविवारी कुठं जावं या विचारात पडलेल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. (इथले लोक आपल्याला 'घाटी' म्हणतात. म्हणू देत, घाट चढायचा तर आपणच.)

तिकडे सोलापूरकडे वर्षाला पाच-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथे एकट्या जुलैत तेवढा पडून वर उरतो, आणि २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. त्यामुळे आपल्याकडची 'वाट शोधणं' ही कल्पनाच इथे बदलावी लागते. सोलापुरात मुरमाड माळावरची एकदा सापडलेली वाट वर्षभर तीच राहते. इथे एकच वाट मार्चमध्ये रस्ता असते, जुलैत ओढा आणि सप्टेंबरात गवताचं रान. म्हणून माझा पहिला नियम असा की पावसात चालवायची वाट फेब्रुवारी ते मे या काळातच शोधायची. तेव्हा तिचा तळ उघडा असतो. दगड कुठे आहे, नुसती माती कुठे आहे, ओढ्याच्या पात्रात गोटे आहेत की गाळ, सगळं दिसतं. मी मोबाइलवर पट्ट्यापट्ट्याने फोटो काढून ठेवते. जुलैत तीच जागा गढूळ पाण्याखाली गेली की ते फोटो कामाला येतात.

शोध घरी बसूनच सुरू होतो. सॅटेलाइट नकाशावर सगळं छान दिसतं, पण ते चित्र बहुतेक वेळा कोरड्या महिन्यांतलं असतं, कारण पावसाळ्यात वर ढगच असतात. म्हणून गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं काढून ऑक्टोबरचं आणि एप्रिलचं शेजारी ठेवून बघा. दोन्हींत जी तांबूस रेघ दिसते तिच्यावर खरी वर्दळ आहे. जी फक्त एप्रिलमध्ये दिसते ती पीक काढल्यावर शेतातून पाडलेली तात्पुरती वाट असते, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि माशाच्या खवल्यांसारखे लहान लहान तुकडे एकाला एक लागून दिसले की ती खाचरं. बांधासकट.

दुसरी खिडकी महाभूनकाशाची, म्हणजे सरकारी गावनकाशांच्या संकेतस्थळाची. गावनकाशात दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एकच तुटक रेष म्हणजे पायमार्ग. मुंबईतली मंडळी हे बघत नाहीत, पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचता येतं. गट नंबर मिळाला की सातबारा बघायचा. मालक खासगी असेल तर जाऊन विचारायचं. वन विभागाचं नाव असेल तर तिथेच थांबायचं. तानसा, फणसाड, कर्नाळा, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत; तिथे 'आडवाट होती, पाटी नव्हती' हे कारण चालत नाही. आपल्याकडे नान्नजला माळढोकाच्या रानात आपण गाडी घालत नाही, तसंच हे. माथेरानला तर दस्तुरीच्या पुढे गाडीच जात नाही. आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. भरतीत बुडणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ दर सुट्टीला येतात, त्यात आपल्या नंबरप्लेटची भर नको.

मग प्रत्यक्ष माणसं. रिसॉर्टवाल्याला वाट विचारू नका. तो 'हो हो, गाडी जाते' म्हणतो, कारण त्याला गिऱ्हाईक हवं असतं. सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघालेला पिकअपवाला गाठा. त्याची गाडी टू व्हील ड्राइव्ह असते, टायर घासलेले असतात आणि तो रोज जातो. "दादा, कालच्या पावसात गेला होता का?" एवढाच प्रश्न विचारा. नुसतं 'वाट आहे का' विचारलं तर उत्तर नेहमी 'आहे'च मिळतं, कारण त्याला बैलाची वाटही वाटच वाटते. ट्रॅक्टरच्या चाकोरीवर भरवसा ठेवू नका. त्याचं मागचं चाक आपल्या छातीएवढं असतं. तो जिथून आरामात जातो तिथे आपलं पोट टेकतं.

आता तळाबद्दल, कारण सगळा खेळ तिथेच आहे. कर्जत, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात खाली काळा कातळ आणि वर लालसर मातीचा थर असतो. थर पातळ असेल तर चाक माती कापून दगडाला लागतं आणि पकड मिळते. थर जाड असेल तर तो साबण होतो. छत्रीची दांडी खुपसून बघा, चार बोटांवर 'टक्' झालं तर चला. मात्र तोच कातळ उघडा असेल आणि वर हिरवं शेवाळ आलं असेल तर मातीपेक्षा वाईट. शेवाळलेल्या उतारावर गाडी ब्रेक न ऐकता सरळ घसरत जाते. असा उतार दिसला की मी उतरून बुटाने घासते. बूट सरकला तर परत. आडव्या उताराला तर मी पाऊस असताना जातच नाही. चढ-उतारात घसरलात तर सरळ रेषेत घसरता, आडव्यात घसरलात तर दरीकडे.

दक्षिणेकडे रत्नागिरी-राजापूरला गेलात तर जांभा लागतो. तो सच्छिद्र आणि खडबडीत असतो, पाणी झरझर पितो, पकड चांगली. तिथले उघडे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, बघून हात शिवशिवतात. आवरा. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी अशा ठिकाणी त्याच सड्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत आणि गवतात ती चटकन दिसत नाहीत. मळलेली गाडीवाट सोडून सड्यावर एक चाकही टाकू नका.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या बाजूच्या माणसाला इथलं पाणी कळत नाही. आपली भीमा दोन दिवस आधी निरोप पाठवते. वर धरणातून सोडलं, मग पंढरपूर, मग आपण. इथल्या नद्या आखूड आणि उभ्या आहेत. घाटमाथ्यावर ढग फुटला तर खाली तुमच्या डोक्यावर ऊन असताना ओढा तासाभरात कमरेएवढा होतो. म्हणून जाताना ओलांडलेला ओढा येताना मिळेलच असं धरू नका. परतीचा दुसरा रस्ता ठाऊक नसेल तर ओढ्यापलीकडे जायचंच नाही. ओढ्याशी पोचलं की काठाला एक दगड खूण म्हणून ठेवा, पाच मिनिटं थांबा. दगड बुडाला तर घरी चला.

आणखी एक गोष्ट मला दीड वर्षाने कळली. कोलाडची कुंडलिका आणि कर्जतकडची पेज या नद्यांना भिरा आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रांतून सुटलेलं पाणी येतं. भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना पात्र भरू शकतं. या दोन नद्यांच्या पात्रात गाडी उभी करून डबा खाऊ नका. गावातल्या माणसाला 'पाणी किती वाजता सुटतं' विचारा, त्याला वेळ पाठ असते.

थारची पाण्यात जायची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, पण तो आकडा उभ्या पाण्याचा समजा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलतं, दोन फुटांत जवळपास कुठलीही. माझी मर्यादा वाहत्या पाण्यात चाकाच्या हबच्या मध्यापर्यंत, तीही तळ उन्हाळ्यात पाहिलेला असेल तरच. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात बहुतेक वेळा हे नुकसान बसत नाही. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलंय का, ते आजच पॉलिसी काढून बघा.

निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघते. ऑरेंज असेल तर घाटाखालच्या वाटा रद्द, रेड असेल तर भजी. सलग तीन-चार दिवस धो धो झालं असेल तर इशारा पिवळा असला तरी उभ्या डोंगराच्या पायथ्याच्या वाटेवर जात नाही. इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ ची रात्र अशाच पावसातली होती. शिवाय पावसाळ्यात रायगड, ठाणे, पुण्याकडे धबधबे आणि धरणांच्या परिसरात जमावबंदीचे आदेश निघतात. त्या आठवड्याचा आदेश बातम्यांत शोधा, नाहीतर नाक्यावर पोलीस गाडी वळवतात. वाहतूक कोंडीचा शिळफाटा पहाटे साडेपाचच्या आत ओलांडला नाही तर दिवसभरातलं सगळ्यात अवघड ऑफ-रोडिंग तिथेच होतं.

सामान फार लागत नाही. चिखलात टायरची हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवते, म्हणून परत भरायला छोटा कॉम्प्रेसर. ओढायला ताणणारा दोर आणि तो अडकवायला चांगल्या प्रतीचे शॅकल (लोखंडी कड्या). दोर गाडीच्या टो हुकलाच लावायचा, बंपरला किंवा टो बॉलला नाही, आणि ओढताना दोरावर ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटला तर चाबकासारखा उसळत नाही. फावडं. दोन फळ्या. आणि दुसरी गाडी. एकटीने मी मंगळवेढ्याचा माळ पालथा घातला आहे, पण इथे पावसात एकट्या गाडीने जात नाही. रुतलेली गाडी आणि मोबाइलला रेंज नाही, असा एक रविवार शहापूरकडे काढलाय.

नवख्या माणसाने पहिली फेरी ऑक्टोबरच्या शेवटी करावी. पाऊस सरलेला, जमिनीत ओल शिल्लक, ओढे उतरलेले. भात कापणीला आलेलं असतं, तेव्हा वाटेत शेतावरची माणसंही भेटतात. कापणी झाल्यावर रिकामी खाचरं मैदानासारखी दिसतील, पण बांध तेवढेच नाजूक असतात. मला विचारा.

घरी आल्यावर गाडी त्याच संध्याकाळी खालून धुवा, लाल माती वाळली की विटेसारखी बसते. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये धुतलेलं चालत नाही, म्हणून मी मुलुंड गाठायच्या आधी सर्व्हिस सेंटरवर पन्नास रुपये जास्त देऊन खालून जोरात पाणी मारून घेते. पायाला जखम असेल तर पाय साबणाने धुवा, दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना चिखलात गेल्याचं आधी सांगा, लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका त्यांना तिथूनच येते. आणि चाकं पाण्यात बुडाली असतील तर त्या आठवड्यात डिफरन्शियलच्या (एक्सलमधल्या, चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) तेलाचा बूच उघडून बघा. तेल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, लगेच बदला. माझं पहिल्या पावसाळ्यात दोनदा बदललं.