शाळेसाठी घर बदलायचं? आधी एवढं करून बघा

‘शाळा चालत पाच मिनिटांवर’ म्हणत एजंट भाडं चढवतो आणि आपण भुलतो. पण मुंबईत अमुक वस्तीत राहता म्हणून अमुक शाळेत प्रवेश, असा सरसकट नियम नाही. तेव्हा पत्त्याने नेमका काय फरक पडतो, ते आधी शोधा.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी पत्ता खरोखर मोजतात. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना प्राधान्य. भाडेकरार नोंदणीकृत, अर्जाच्या आधीचा आणि किमान ११ महिन्यांचा लागतो. नुसता कागदावरचा पत्ता चालत नाही. तिथे राहत नाही असं पडताळणीत दिसलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो. अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही, हेही तपासा. बाकी खासगी शाळांत थेट ऑफिसात विचारा: अंतर बघता का, भावंडांना आधी घेता का?

पत्त्याचा संबंध नसेल, तर आधी प्रवेश, मग घर. उलटं केलंत तर भाडं भरत प्रतीक्षा यादीत बसाल.

आता तो रस्ता स्वतः करून बघा. रविवारी नव्हे, मंगळवारी सकाळी, शाळेच्या वेळेला, मुलाला आणि दप्तराला घेऊन. मध्ये रेल्वे ओलांडायची असेल तर पावसाळ्याचा विचार करा. अंधेरी सबवे तुंबला की पूर्व-पश्चिम दोन किलोमीटरही लांब वाटतात.

मग वही घ्या. समजा भाडं १२ हजारांनी वाढतं आणि व्हॅनचे ३ हजार वाचतात. म्हणजे महिन्याला ९ हजार, ११ महिन्यांत ९९ हजार. वर ब्रोकरेज, टेम्पो, डिपॉझिटमध्ये अडकलेले पैसे.

माणसांचा हिशेब मात्र वहीत मावत नाही. आम्ही मालाडहून पार्ल्याला आलो तेव्हा लेकीची रोजची चाळीस मिनिटं वाचली, याचंच कौतुक करत बसलो. दुपारी तिला सांभाळणारी माझी आई मालाडलाच होती. तिला रोज लोकल आणि रिक्षा करावी लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती बोलली नाही, पण गुडघे बोलले. चार महिन्यांत पाळणाघर शोधावं लागलं. तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा सकाळ-संध्याकाळचा फेरा लिहून काढा, आजीचा सगळ्यात आधी.

एवढं करूनही जायचंच ठरलं, तर घर विकत घेण्याची घाई नको. ११ महिने भाड्याने राहा. करारातला लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) आणि नोटिशीचा काळ वाचल्याशिवाय सही करू नका. स्वतःचं घर भाड्याने देणार असाल तर त्याचा करारही त्याच सुमारास संपेल असा करा, म्हणजे परतायची वेळ आली तर आपल्याच दाराशी थांबावं लागणार नाही.