गणपतीची पत्री आणि घरातली लहान मुलं: या चुका टाळा

गणपतीला २१ पत्री वाहतो, त्यात धोतरा, कण्हेर आणि रुई असतात आणि तिन्ही विषारी आहेत, पण बऱ्याच घरांत हे कुणी सांगतच नाही. पूजा जरूर करा, आमच्याकडेही पत्री येतेच, फक्त या चुका नकोत.

निर्माल्य टोपलीत भरून जमिनीवर ठेवू नका, रांगतं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं. धोतऱ्याचं काटेरी फळ तर मुलांना खेळणंच वाटतं. बिया पोटात गेल्या की तोंड कोरडं पडतं, अंग लाल आणि गरम होतं, डोळ्यातली बाहुली मोठी दिसते आणि मूल काहीबाही बडबडायला लागतं, अशा वेळी दृष्ट काढत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

रुईचा चीक लागलेला हात डोळ्याला लावणं ही दुसरी चूक. गंमत नाही हो ही, सुरुवातीला फारसं दुखतही नाही म्हणून माणूस झोपून जातो आणि सकाळी धूसर दिसायला लागतं. डोळ्यात चीक गेला की लगेच स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

कोकणात गौरीला कळलावीची फुलं लागतात, ती आणताना उपटलेला कंद घरात आणू नका, खायचा कंद समजून शिजवला तर जिवावर बेततं.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची. लहान मुलाच्या रक्तात मीठ वाढून तेच जीवघेणं ठरू शकतं, शिवाय उलटी फुफ्फुसात जायची भीती. दूध, तूप, लिंबूपाणी यात नुसता वेळ जातो. आणि "आता बरा दिसतोय, सकाळी बघू" तर अजिबात नको, पिवळ्या कण्हेरीचं म्हणजे बिट्टीचं विष हृदयावर जातं, मूल हसतखेळत असतं आणि नंतर नाडी मंदावते, म्हणून दवाखान्यात ईसीजी काढून काही तास लक्ष ठेवावं लागतं.

तोंडातले तुकडे बोटाने काढा, मूल शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावा, १०८ ला फोन करा. निघताना त्या झाडाची पानाफळासकट फांदी पिशवीत घ्या, कारण नुसतं "कण्हेर" म्हटलं तर लाल की पिवळी ते डॉक्टरांना कळत नाही, आणि किती वाजता खाल्लं तेही लिहून ठेवा.