चिऱ्याच्या भिंतीतली ओल: दुरुस्ती अंगणातून सुरू करा

कोकणात जुलै लागला की तळमजल्याच्या भिंतींवर गुडघाभर ओल चढते. रंगाचे पोपडे सुटतात, लोणा (भिंतीतून बाहेर येणारा पांढरा क्षार) फुलतो, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. मग गणपतीपूर्वी घाईघाईने खराब भाग खरवडून सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग. आमच्या घरी हे दोनदा केलं. पुढच्या पावसात ओल नव्या गिलाव्याच्याही वर, खिडकीपर्यंत गेली. चिरा ज्याचा असतो तो जांभा दगड सच्छिद्र असतो, तो खालून पाणी ओढतो; आतला पृष्ठभाग बंद केला की ते पाणी आणखी वर वाट शोधतं. खर्च करायचा तो आधी बाहेर करा.

सुरुवात भर पावसात होते. छत्री घेऊन घराभोवती फिरा. पागोळ्या कुठे पडतात, पन्हळीचं पाणी कुठे सुटतं, डबकं कुठे साचतं, सगळ्याचे फोटो काढा. 100 चौरस मीटर छपरावर दिवसात 100 मिलीमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकर पायाशी रिकामा होतो.

मग ओल कुठली ते ओळखा. दीड फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आत आले तर पाणी भिंतीतलं, खोलीच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा. भिंतीमागे न्हाणीघर असेल तर आधी नळजोडणी तपासून घ्या. तिरक्या, रुंदावत जाणाऱ्या भेगा दिसल्या तर पुढचं काम थांबवून स्थापत्य अभियंत्याला बोलवा.

पाऊस संपल्यावर पन्हळी नीट करा आणि खाली उतरणाऱ्या पाइपचं पाणी भिंतीपासून निदान पाच-सहा फूट लांब न्या. अंगणाची पातळीही बघा. दरवर्षी मातीची भर, त्यावर पेव्हर ब्लॉक, असं करत अंगण जोत्याला टेकलेलं असतं. घरातल्या जमिनीपेक्षा ते किमान सहा इंच खाली हवं. हे एवढंच करून कित्येक भिंती सुधारतात.

खरी मेहनत घराभोवतीच्या खचलेल्या कोब्याची, म्हणजे भिंतीलगतच्या काँक्रीटच्या पट्ट्याची. पायाच्या खड्ड्यात परत टाकलेली माती नीट दाबलेली नसते. ती बसते, कोबा भिंतीकडे कलतो आणि पाणी थेट पायात उतरतं. वरून सिमेंटचा थर मारून उपयोग नाही, खाली पोकळी तशीच राहते. खचलेला भाग फोडून काढा. भुसभुशीत माती उचला, पण पायाच्या तळापेक्षा खाली खणू नका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोका. त्यावर दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, मग चार इंच काँक्रीट. रुंदी तीन फूट, उतार बाहेरच्या बाजूला 50 ला 1, म्हणजे तीन फुटांत जेमतेम पाऊण इंच. गवंड्याला पातळीनळी लावून दाखवायला सांगा, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. भिंत आणि कोबा यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबराने किंवा लवचिक सीलंटने भरा. तिथे सिमेंट भरलं तर पहिल्याच हालचालीत तडकतं. नवं काँक्रीट गोणपाट टाकून किमान सात दिवस ओलं ठेवा.

आतला गिलावा ओलीच्या वर फूटभर उंचीपर्यंत काढून भिंत उघडी सोडा. ओली भिंत वाळायला ढोबळमानाने इंचाला एक महिना लागतो, त्यामुळे डिसेंबरात गिलावा काढला तर मे महिन्यातही जाड भिंत पूर्ण सुकलेली नसेल. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार परत आत मुरतात. नंतर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी द्या, त्यातून भिंतीला श्वास घेता येतो.

मिरगाआधी कोब्यावर भिंतीलगत दोन बादल्या पाणी ओता. ते बाहेर वाहून गेलं पाहिजे. जिथे थांबेल तिथे खडूने खूण करा आणि गवंड्याचे शेवटचे पैसे त्या जागा नीट झाल्यावरच द्या.