पोलीस भरती : रोज घड्याळ लावून 1600 मीटर मारू नका

मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी 100 ची, मैदानीत निम्मे गुण मिळाले तरच पुढची गोष्ट, आणि लेखीला बोलावणार जागेच्या दहापट. हे गावातल्या प्रत्येक पोट्ट्याला पाठ आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

'एकदा भरती होऊ दे, मग बघू' या वाक्यापासून सावध राहा. पोळा, मंडईची जत्रा, मित्राचं लग्न, सगळं त्या 'मग'वर ढकललं जातं. पण जाहिरात कधी निघेल, जिल्ह्यात जागा किती, कट-ऑफ कुठे थांबेल, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. वर्ष नुसतं वाट पाहण्यात सुकून जातं.

आता खरी फसगत. मुलांना 1600 मीटरचे पूर्ण 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे 400 चे चार राउंड, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. हा आकडा डोक्यात बसला की पोट्टे रोज पहाटे पूर्ण जोर लावून 1600 मारतात आणि घड्याळ बघतात. पहिले काही दिवस टायमिंग उतरतं. मग थकवा साठतो, टायमिंग 8-10 सेकंदांनी वाढतं, आणि दिवसभर तोंड उतरलेलं. दुसऱ्या दिवशी रागानं आणखी जोर. डांबरी रस्ता असेल तर नडगी दुखायला लागते, तरी गोळी खाऊन पळतात. मग कित्येक आठवडे घरी बसावं लागतं, आणि तेव्हा आई जेवायला वाढते तेही टोमणा वाटतं. टायमिंग वाढलं ते थकव्यानं, आणि पोरगं समजतं आपल्यातच दम नाही.

आठवडा असा बांधा : दोन दिवस हळू 4-5 किलोमीटर, सोबत्याशी बोलता येईल इतक्या वेगानं. एक दिवस 400 चे 5-6 राउंड, मधे 2-3 मिनिटं चालणं. एक दिवस 100 मीटरचे स्टार्ट. दोन दिवस गोळाफेक आणि जोर-बैठका. एक दिवस पूर्ण सुट्टी. पूर्ण 1600 घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच, तेही मातीच्या मैदानावर. ताईंनो, तुमच्या 800 मीटरलाही हेच. ग्रुपवर रोज टायमिंग मागणाऱ्या सरांना खुशाल गप्प बसवा; त्यांना स्टेटस टाकायचं असतं.

सोयाबीनच्या सवंगणीत (कापणीत) पळणं बुडलं तर बिघडत नाही. दिवसभर वाकून काम केल्यावर पाय तसेही दमलेले असतात. रात्री तासभर मराठी व्याकरण करा, पुरे.

आणि निवड झाली की सगळं सुटतं, असंही नाही. 1978 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्यांचा अभ्यास झाला; ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची मजा कमी झालेली. वर्दीचंही तसंच होतं. बंदोबस्ताच्या ड्युट्या सुरू झाल्या की नवलाई ओसरते.

खुल्या प्रवर्गाला 28, मागासवर्गीयांना 33 ही वयाची मर्यादा. म्हणून किती भरत्या द्यायच्या ते आधीच ठरवा, पदवी किंवा आयटीआय अर्धवट सोडू नका, आणि हे घरी आत्ताच बोलून ठेवा. यादीत नाव नाही त्या संध्याकाळी हे बोलणं कोणालाच जमत नाही.