दरीत बाण भरकटतो तेव्हा: जिओकॅशिंगचा डबा शोधायचा कसा

कुणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख टाकायची आणि डबा होता तिथे ठेवायचा, एवढाच हा खेळ. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकाने बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले आणि खेळ सुरू झाला. पाणी, बूट, पॉवर बँक वगैरे सांगत बसत नाही.

डब्याचं वर्णन आणि आधीच्यांच्या नोंदी खेळाच्या अ‍ॅपमधून घरीच ऑफलाइन उतरवून घ्या. त्र्यंबकेश्वर सोडून जव्हार रस्त्याला लागलात की रेंजचा भरवसा नाही. शेवटच्या दोन-तीन नोंदी ‘सापडला नाही’ अशा असतील, तर दुसरा डबा निवडा. आकडे हाताने भरताना मात्र जपून. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. १९ अंश ५६.५०० मिनिटं हा आकडा तुम्ही १९.५६५ अंश म्हणून भरलात, तर चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला पोहोचाल.

आधी गावात थांबा, चहा घ्या आणि कशाला आलात ते सांगा. त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडीसारख्या दरीत फोन हातात धरून दगडाखाली डोकावणारा माणूस गुप्तधनवालाच वाटतो, आणि त्यात गावकऱ्यांचं काही चुकत नाही. १६७० साली सुरत दुसऱ्यांदा लुटून परतताना शिवाजी महाराजांची वणी-दिंडोरीजवळ मुघलांशी लढाई झाली, हा इतिहास. त्या लुटीतला हंडा अमक्या कड्याखाली पुरलाय, ही पारावरची गोष्ट. ती ऐका, मजा येते, पण कुदळ-फावडं नेऊ नका. हा डबा पुरायचा नाही, असा खेळाचाच नियम आहे. आणि जमिनीत खरंच दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. “आबा, वही असलेली डबी शोधतोय” म्हणा आणि फोनवरचा फोटो दाखवा. बहुतेक वेळा वाटही तेच दाखवतात.

पायवाटेने दरीत उतरा. जून ते सप्टेंबर मात्र नाहीच. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी अचानक येतं.

आता खरी अडचण. डबा तीस मीटरवर आला की फोनवरचा डब्याची दिशा दाखवणारा बाण गरागरा फिरायला लागतो. ‘बाण दाखवेल तसं चालत राहा’ हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला, तो दरीत कधी उतरलाच नसावा. दरीच्या तळाशी उभं राहणं म्हणजे विहिरीत उभं राहणं. वर आकाशाची पट्टी तेवढी दिसते, म्हणून उपग्रह थोडे आणि तेही जवळपास एका रांगेत. उरलेले सिग्नल कातळावर आपटून लांबच्या वाटेने येतात आणि फोन ते अंतर खरं धरून बसतो. अशा वेळी बाणामागे पळून तुम्ही फक्त करवंदीत अंग ओरबाडून घेता. मला सगळ्यात जास्त त्रास याच टप्प्याने दिलाय, म्हणून ठामपणे सांगतो: तीस मीटरवर थांबा आणि मागे फिरा.

आकाश मोकळं दिसेल अशी जागा गाठा. फोन स्थिर धरून पाच मिनिटं थांबा आणि अचूकता पाच-सहा मीटरवर आली की डब्याची दिशा आणि अंतर कागदावर लिहा. मग होकायंत्राने ती दिशा धरून पावलं मोजत जा. अशाच दुसऱ्या मोकळ्या जागेवरून पुन्हा हेच करा. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे शोधायचं. नाशिकला चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, त्याचा हिशेब करू नका. पण होकायंत्र कातळाला टेकवू नका, आपल्या काळ्या पाषाणात लोह असतं आणि सुई बहकते. फोनच्या कव्हरमध्ये चुंबक असेल तर तेही काढा.

लपवणाऱ्याचा फोनही याच दरीत भरकटला असणार. म्हणून छेदाभोवती पंधरा-वीस मीटरचा टापू धरा आणि फोन खिशात टाका. कारवीच्या खोडांना अडकलेलं वाळकं गवत आणि काड्या दिसतील. ती पुराची रेषा. शहाणा माणूस डबा तिच्या वरच लपवतो, तेव्हा खाली वेळ घालवू नका. वर बघताना शेवाळाची बाजू खाली गेलेला दगड दिसला, तर तो कुणीतरी हाताने ठेवलाय. तो काठीने उलटा, हात घालू नका. फुरसं आणि विंचू यांनाही अशाच जागा आवडतात. कड्यावर चढून शोधायचा मोहही नको.

सापडला? नाव टाका, आतली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किमतीची ठेवा. खाऊ ठेवू नका, माकडं डबा फोडतात. झाकण घट्ट लावून डबा त्याच फटीत, तोच दगड वर, तीच बाजू खाली. वही भिजलेली असेल तर अ‍ॅपमध्ये तसं लिहा. सापडला नाही तरी नोंद टाकाच, म्हणजे पुढच्याची खेप वाचते.